डाएट ‘मोडलं’ म्हणजे नेमकं काय मोडलं?

पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. त्यामुळे मध्येच घाम पुसायला थांबलो तर समजून घ्या. आणि जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी हे त्याच भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसं.

आजचा विषय डाएट. पण कुठलं डाएट चांगलं, हा नाही. ते सांगणारे शंभर व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये आधीच पडलेत. माझा प्रश्न वेगळाय: जोरात सुरू केलेलं डाएट सुटतं कधी? नेमक्या कुठल्या क्षणी? मला वाटतं तो क्षण मला सापडलाय, आणि तो सापडला माझ्या वडिलांमुळे.

आधी माझा हिशेब मांडतो. वजन ९४ किलो. उंची सांगत नाही, पण ९४ शोभावं इतकी नाही. तीन डाएट करून झाली होती. पहिलं ओट्सचं, दुसरं किटो, तिसरं मोबाईल अ‍ॅपमध्ये प्रत्येक घास मोजायचं. ओट्स दोन महिने टिकले. किटोनं ११ किलो उतरवले, मग ते ११ परत आले आणि येताना सोबत दोन पाहुणे घेऊन आले. अ‍ॅपवाल्यात ‘शेंगाचटणी, एक चमचा’ शोधता शोधता जेवण गार व्हायचं. मग एकदा ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. ही तीन महिन्यांची सरासरी साखर. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात चप्पल काढून उभा आहे. आमच्या घरात ही गंमत नाही. माझ्या आजीच्या पायाचा अंगठा शुगरमुळे काढावा लागला होता. मी तेव्हा सहावीत होतो, आणि ती जखम धुताना आई मला बाहेर जायला सांगायची ते अजून आठवतंय.

आणि त्याच घरात, त्याच जेवणाच्या ताटांसमोर, माझे वडील २०१८ पासून आजपर्यंत एकाच पद्धतीनं खातायत. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. अप्पा काही योगी माणूस नाही. त्यांची इच्छाशक्ती वगैरे मला सांगू नका, कारण त्यांनी तंबाखू सोडायचा प्रयत्न माझ्या डोळ्यांसमोर किमान सहा वेळा केलाय, आणि चुन्याची डबी अजून शर्टाच्या खिशात आहे. मग जेवणाचं त्यांना जमलं आणि मला का नाही?

२०१८ साल आठवतंय का? तेव्हा महाराष्ट्रात घराघरात एकच भांडण चाललेलं. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित, आपल्या शेजारच्या लातूरच्या मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक. त्यांचं म्हणणं: दिवसातून दोनदाच जेवा, कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच, आणि रोज ४५ मिनिटं चाला. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. तेच ते, डझनभर पदव्या घेतलेले, २००४ मध्ये अपघातात गेलेले. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्या म्हणत होत्या, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरशः दोन पक्ष पडलेले. लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना विचारायचे, ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’

गंमत अशी की त्याच २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ लोकांवरच्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. अर्ध्यांना कमी चरबीचं जेवण, अर्ध्यांना कमी कार्बचं, वर्षभर. वर्षाच्या शेवटी एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलेलं, दुसऱ्याचं ६. म्हणजे बरोबरीच. पण दोन्ही गटांच्या आत जमीन-अस्मानाचा फरक होता, कुणी भरपूर उतरलं तर कुणाचं चक्क वाढलं. त्याआधी २००५ मध्ये चार प्रसिद्ध डाएट १६० लोकांवर ताडून पाहिली होती, तिथंही हेच. कुठलं डाएट, याचा वजनाशी फारसा संबंध लागेना. कुणी किती धरून ठेवलं, याचा लागला. म्हणजे आपण पंगतीत भांडत होतो तो प्रश्नच दुय्यम होता.

तर अप्पांच्या फोनवर दीक्षितांचं दीड-दोन तासांचं भाषण आलं, त्यांनी ते पूर्ण ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू. मी हसलो होतो. (त्यांना शुगरची गोळी चालू होती म्हणून आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं, आणि तुम्हीही विचारा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा मनानं बदलल्या तर साखर धाडकन खाली येऊ शकते. गरोदर बायका आणि वाढत्या वयाची पोरं, यांनी तर यात पडूच नये.)

मला नंतर कळलं की ही पद्धत मराठी घरात इतकी पटकन का बसली. एक म्हणजे त्यात ‘काय’ खायचं हे फारसं नाही, ‘कधी’ खायचं हे आहे. वेगळा स्वयंपाक नाही. माझं किटो चालू होतं तेव्हा आई दोन स्वयंपाक करायची: घरच्यांसाठी ज्वारीची भाकरी-भाजी, आणि माझ्यासाठी पनीर नाहीतर अंड्याचं काहीतरी. डाएट मी करत होतो, पण त्याचं ओझं तिच्या हातावर. एका रात्री ती ओट्याला टेकून नुसती उभी होती, गॅस चालू, तव्यावर काही नाही. मी म्हटलं, राहू दे आई, मी भाकरीच खातो. चांगल्या कारणानं सुटलं असेल, पण सुटलंच. अप्पांनी तिच्याकडून कधी काही वेगळं मागितलंच नाही. त्यांच्या ताटात तीच भाकरी, तीच शेंगाचटणी, तेच कालवण.

दुसरं म्हणजे आपल्याला ‘या वेळी नाही खात’ हे वाक्य लहानपणापासून ओळखीचं आहे. उपवास. आपल्याकडे आग्रह म्हणजे काय प्रकार असतो तुम्हाला माहितीय. ‘डाएटवर आहे’ म्हणा, लगेच समोरचा वकील होतो. ‘काय बे, एका प्लेटनं काय होतंय, खा की!’ आत्या म्हणते, ‘पोरगं वाळलंय.’ ९४ किलोला वाळलंय म्हणते! पण ‘आज गुरुवार आहे’ म्हणा. हात तिथंच थांबतो. कुणी एक शब्द बोलत नाही. उपवासाला आपल्या समाजात एक कुंपण आहे, डाएटला नाही. दोन वेळच्या जेवणाला ते कुंपण थोडंफार मिळालं. अप्पा कुणाकडे गेले की ‘माझं जेवण झालंय, बिनसाखरेचा चहा चालेल’ एवढंच म्हणतात. कारण सांगत नाहीत. कारण सांगितलं की चर्चा सुरू होते, हे त्यांना पक्कं कळलंय.

पण थांबा. उपवासाकडून आपण कुंपण घेतलं, तसा एक रोगही घेतला. माझ्या डाएटचा जीव तोच रोग घेत होता.

आपण म्हणतो काय? ‘उपवास मोडला.’ चुकून चिवड्याचा एक दाणा तोंडात गेला, मोडला. मग पुढं? पुढं काय, आता मोडलाच आहे तर जेवून घे. उपवासापुरतं ते ठीक आहे, तो एका दिवसाचा असतो, संध्याकाळी संपतो, पुढच्या गुरुवारी नवा. आपण तोच शब्द उचलून डाएटला लावला. ‘डाएट मोडलं.’ आणि डाएट एका दिवसाचं नसतं. ते मोडलं तर पुढचा गुरुवार कुठला?

यावर मानसशास्त्रात एक जुना, मस्त प्रयोग आहे. १९७५ चा, हर्मन आणि मॅक या दोघांचा. त्यांनी कॉलेजच्या मुलींना बोलावलं, सांगितलं की चवीची चाचणी आहे. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक, काहींना दोन. मग समोर आइस्क्रीम ठेवलं: चव घ्या, हवं तेवढं खा, मार्क द्या. खरं मोजत होते ते कोण किती आइस्क्रीम खातं ते. ज्या मुली एरवी खाण्यावर काही बंधन पाळत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलेलं. पण ज्या एरवी स्वतःवर लगाम ठेवून खायच्या, त्यांचं उलटं झालं. काहीच न पिता आल्या तेव्हा त्यांनी हात आखडून खाल्लं, आणि मिल्कशेक पिऊन आल्या तेव्हा जास्त खाल्लं. भरल्या पोटी जास्त!

पुढं हर्मन आणि त्यांच्या सहकारी जेनेट पोलिव्ही यांनी या प्रकारावर बरंच काम केलं, आणि त्याला इंग्रजीत एक बोलीतलं, वैतागलेलं नाव पडलं. मराठीत मी त्याला ‘गेलं तेल लावत’ परिणाम म्हणतो. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुढं आली ती मला फार महत्त्वाची वाटते. गडबड कॅलरीजमुळे होत नाही, ‘आजचा दिवस गेला’ या समजुतीमुळे होते. खाल्लेला पदार्थ भरपूर कॅलरीचा आहे असं नुसतं सांगितलं तरी लगाम सुटतो.

माझं किटो कसं सुटलं ते आता सांगतो. पार्क चौकात मित्र भेटले. एकानं डिस्को भजी मागवली. ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगू, सोलापूरला या. मी दोन खाल्ली. दोन भज्यांत असं काय असतं? फार काही नाही. वजनाच्या काट्यावर दिसणारही नाही. पण माझ्या डोक्यात मोडलं. मग पूर्ण प्लेट. मग घरी जाताना पावचटणी. मग ‘आता सोमवारपासून नव्यानं’. मध्ये गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारपासून उपाशी राहायचंच आहे म्हणून चार दिवस असा खाल्लो की काय सांगू. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ती इथं आगाऊ साजरी झाली. आणि तो सोमवार आला नाही. वजन दोन भज्यांनी वाढलं नाही, वाढलं ते त्या चार दिवसांनी आणि न आलेल्या सोमवारानं.

आता अप्पा. त्या डिसेंबरात येळवस होती. वेळ अमावस्या, आमच्या भागात आणि लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. आम्ही अक्कलकोटच्या बाजूला मामाच्या शेतात होतो. अप्पा सकाळी अकराला खाल्ले, दीडला खाल्ले, चारला कुणी खीर आणली तर तीही घेतली. मी मोजत होतो, खोटं कशाला बोलू. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, चला, यांचंही सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे होम मैदानावर चालायला गेले. आले, बिनसाखरेचा चहा घेतला. अकराला जेवले. संध्याकाळी सातला जेवले. मध्ये काही नाही.

मी म्हटलं, “अप्पा, काल तुमचं मोडलं ना?”

ते म्हणाले, “काय मोडलं?”

“डाएट. चारदा खाल्लं तुम्ही.”

“मोडलं कुठं? काल खाडा झाला.”

मला ते एकदम कळलं नाही. तुमच्यातल्या कितीजणांना हा शब्द माहितीय कुणास ठाऊक. खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. हे गिरण्यांचं गाव आहे, चादर-टॉवेलच्या कारखान्यांचं गाव. आजोबा मिलमध्ये होते, आणि अप्पांनी एका कारखान्यात वीस वर्षं हजेरीचं मस्टर सांभाळलं. तिथं कामगार एक दिवस आला नाही की खाडा मांडायचा. त्या दिवसाचा पगार कापला जातो, बस्स. नोकरी जात नाही. दुसऱ्या दिवशी माणूस भोंग्याला हजर. एक खाडा झाला म्हणून ‘आता पुढच्या महिन्यापासूनच येतो’ असं कुणी म्हणालं तर मुकादम त्याला वेड्यात काढेल.

मी तिन्ही डाएट मोडत आलो होतो, आणि हा माणूस खाडे मांडत आला होता. दोघांचं खाणं एकच, चूक एकच, फक्त शब्द वेगळा.

हे काही नुसतं शब्दांचं खेळणं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१० च्या सुमारास सवय कशी लागते यावर एक अभ्यास झाला, फिलिपा लॅली यांचा. ९६ जणांनी रोज एक साधी गोष्ट करायची ठरवली, जेवणासोबत फळ खाणं, थोडं धावणं, असं काहीतरी. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ लागले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’ वगैरे जे रील्सवर फिरतं ते सोडून द्या. आणि त्यातच निघालेली दुसरी गोष्ट: मध्ये एक दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नव्हता. खाड्यानं नोकरी जात नाही, हे त्यांनी आलेख काढून दाखवलं.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. खाडे रोज व्हायला लागले तर ती नोकरी राहिली असं म्हणता येत नाही, मुकादमही कधीतरी हाकलतोच. आणि भूक हा काही मनाचा खेळ नाही. मेलबर्नमध्ये ५० जणांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की डाएटनं वजन उतरवल्यावर वर्ष झालं तरी भुकेची संप्रेरकं चढलेलीच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून. त्या पोरांच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. तेव्हा रात्री अकराला तुम्ही बिर्याणीचे व्हिडिओ बघत असाल तर तुमचा स्वभाव वाईट नाही, तुम्ही दिवसभर फारच कमी खाल्लंय. माझं किटो असंच होतं, इतकं घट्ट आवळलेलं की सुटलं की उसळलंच. आणि खाणं, लपवून खाणं, मग त्याचं अपराधीपण, हे चक्र कुणाचं रोजचं झालं असेल तर ते डाएटचं काम नाही. डॉक्टरांशी बोला. त्यात लाज नाही.

आता माझं काय चाललंय. मी अप्पांची पद्धत घेतलेली नाही. माझी शिफ्ट, माझी भूक वेगळी. मी तीनदा जेवतो, घरचंच, मध्ये काही नाही, आणि रात्रीचं ताट साडेआठच्या आत. एवढंच. अ‍ॅप काढून टाकलं. त्याऐवजी आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आहे. ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवसाच्या चौकोनात अप्पांनी शिकवल्यासारखं ‘खा’ लिहायचं. खा म्हणजे खाडा. आई म्हणते, ‘दोघं मिळून कॅलेंडरवर खा खा लिहून ठेवता, आणि वाढलं की नको म्हणता.’

पूर्वी मी अशा दिवशी लाल फुली मारायचो. फुली बघून पुढचं पान बघायची इच्छा जायची. ‘खा’ बघून तसं होत नाही. मी स्वतःला एकच प्रश्न लावून घेतलाय: सलग दोन आहेत का? एक असेल तर पुढं चला.

दुसरी एक गोष्ट पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडून उचललीय. ‘कमी खाईन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलं तर ते जास्त घडतं, असं त्यांच्या कामातून दिसलंय. ‘तर’ ही जागा महत्त्वाची. माझी वाक्यं अशी आहेत: पार्क चौकात कुणी भजी मागवली तर मी दोन घेईन आणि मग हातात चहा घेईन, कारण हातात कप असला की हात प्लेटकडे जात नाही. आत्यानं वाढलं तर मी आधी ‘मस्त झालंय’ म्हणेन आणि मग ताटावर हात धरेन. उलट क्रमानं केलं तर ती ऐकत नाही, करून बघितलंय.

आणि एक जानेवारीला संकल्प करणं मी बंद केलंय. तारखेची नव्यानं सुरुवात चांगली वाटते, मान्य. पण सोलापूरकरानं जरा कॅलेंडर बघावं. डिसेंबरअखेर हुरडा सुरू. येळवस तिथंच कुठंतरी. मग भोगी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. मग संक्रांत, गुळाची पोळी. मग सिद्धेश्वरांचा गड्डा. यात्रेत होम मैदानावर पाळणे आणि दुकानं उभी राहतात, म्हणजे चालायची जागासुद्धा गेली! अशा महिन्यात डाएट सुरू करणारा माणूस स्वतःहून दहा खाडे मागून घेतोय. गेल्या वर्षी मी फेब्रुवारीत सुरू केलं. जानेवारीचे खाडे आधीच मांडून टाकले.

वजन आता ८७ आहे. चौदा महिन्यांत सात किलो. रील बनवण्यासारखं काही नाही. एचबीएवनसी ५.८, म्हणजे पाहुणा अजून दारातच आहे, पण चप्पल पुन्हा पायात घालतोय. अप्पांची तंबाखू अजून सुटलेली नाही. मी परवा त्यांना म्हटलं, त्याचंही मस्टर करा की. ते म्हणाले, बघू. पण खिशातली डबी त्या दिवशी टेबलावर होती, खिशात नव्हती, एवढं मी बघितलं.

काल रात्री दहा वाजता मी अर्धी प्लेट भजी खाल्ली. एकटा होतो, आग्रह करणारं कुणी नव्हतं, उगाचच. चौकोनात ‘खा’ लिहिलंय. आज दुपारी एक भाकरी, वांग्याची भाजी, ताक झालं. रात्रीचं साडेआठच्या आत होईल.

चला, आता पंखा लावतो.